टाचेला नैवेद्य दाखवू नका: हिवाळ्यात त्वचा फुटते तेव्हा होणाऱ्या चुका

नाशिकच्या पंचवटीत माझं औषधांचं दुकान आहे. डिसेंबर लागला की काउंटरवर रोज एकच संवाद होतो. "भाऊ, टाचांसाठी काहीतरी चांगलं द्या. मागच्या वर्षी नेलं होतं, त्याने काहीच झालं नाही." मी विचारतो, ती ट्यूब किती दिवस पुरली? उत्तर ठरलेलं असतं: "अजून आहे की थोडी घरी."

आता हिशेब करू. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत क्रीमची रेघ काढली, तर ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं. एका पावलाला अशा दोन रेघा लागतात. म्हणजे दोन्ही पावलांना एका वेळेला 2 ग्रॅम, सकाळ-रात्र धरून 4 ग्रॅम. 30 ग्रॅमची ट्यूब आठवड्यात संपली पाहिजे. ती वर्षभर पुरली असेल तर क्रीम टाचेला लावलं नाही, नैवेद्य दाखवला. म्हणून मी सरळ सांगतो, महागडी छोटी ट्यूब घेऊन जपून वापरण्यापेक्षा साध्या पेट्रोलियम जेलीचा मोठा डबा घ्या आणि हात सैल सोडून लावा. यात माझा धंदा थोडा बुडतो, पण जानेवारीत तीच तक्रार पुन्हा ऐकावी लागत नाही.

नाशिकची थंडी कोरडी का, हेही समजून घ्या. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांखाली गेल्याची बातमी दर काही वर्षांनी येते आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. सकाळी पानांवर दव असतं, म्हणून हवा दमट आहे असं वाटतं. पण 10 अंशांना एक घनमीटर हवेत जेमतेम साडेनऊ ग्रॅम बाष्प मावतं, 28 अंशांना 27 ग्रॅम. सकाळची ती दवाने ओली हवाच दुपारी 28 अंशांपर्यंत तापली, की तिच्यातली आर्द्रता 35 टक्क्यांवर येते. मग ती मिळेल तिथून पाणी ओढते. मातीतून ओढते, वाळत घातलेल्या कपड्यांतून ओढते, तशीच आपल्या कातडीतूनही.

बंबाचं पाणी आणि साबण

लोक क्रीमची चौकशी करतात आणि खरी चूक मोरीत असते. आपल्या कातडीच्या वरच्या थरात पेशींच्या मध्ये स्निग्ध पदार्थ असतात. त्यांचं काम सारवणाचं. सारवण गेलं की जमीन तडकते, तसंच इथेही होतं. कडकडीत पाणी आणि साबण मिळून हे सारवण रोज सकाळी धुऊन काढतात आणि संध्याकाळी आपण दहा रुपयांच्या पुडीने ते भरून काढायला बघतो.

थंडीत गरम पाणी घेऊ नका असं सांगितलं तर कोणी ऐकणार नाही, मीही ऐकत नाही. फक्त बाळाला घालाल तितकं कोमट घ्या आणि आंघोळ पाच-दहा मिनिटांत उरका. साबण काखेत, जांघेत, पावलांना पुरे. नडग्यांना आणि दंडांना रोज साबण लावण्यासारखं आपण काही करत नाही. सातपूर-अंबडला कारखान्यात तेलकट काम असेल तर गोष्ट वेगळी.

एक गैरसमज खास आपल्याकडचा. साबणाच्या वेष्टनावर टीएफएम 76 टक्के बघितलं की तो मऊ आणि चांगला, असं मानतात. टीएफएम म्हणजे त्यात स्निग्धाम्लांचं प्रमाण किती. त्यावरून साबणाची प्रत ठरते, सौम्यपणा नाही. पहिल्या प्रतीचा साबणही अल्कधर्मीच असतो, त्याचा पीएच (आम्ल-अल्कधर्मीपणाचं माप) 9-10 च्या घरात जातो, तर कातडीचा पाचच्या आसपास. ज्यांचं अंग फारच उलतं त्यांनी हिवाळ्यापुरता साबणाऐवजी सौम्य क्लिन्झर वापरावा. उटण्याने, मसुराच्या पिठाने खसाखसा घासणंही दिवाळीपुरतं ठेवा.

लावायचं, पण कधी?

आंघोळ झाली, अंग खडखडीत पुसलं, कपडे घातले, चहा झाला, डबा भरला, मग आठवलं म्हणून क्रीम. तोवर कातडीतलं पाणी उडून गेलेलं असतं. व्हॅसलिन, खोबरेल, कोकमाचं तेल यांतलं काहीही पाणी देत नाही. आत आहे ते पाणी ही मंडळी धरून ठेवतात. म्हणून अंग पंचाने नुसतं टिपायचं आणि ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, लावायचं. आईने लहानपणी आंघोळीआधी तेल लावलं ते चुकीचं नव्हतं, पण त्यावर साबण चोळला की अर्धं वाहून जातं. आंघोळीनंतर पुन्हा थोडं लावा.

तेलात खोबरेल उत्तम. थंडीत बाटलीत गोठतं म्हणून लोक कंटाळतात. बाटली कोमट पाण्यात ठेवली की झालं. बाळाला ऑलिव्ह तेल भेट म्हणून येतं, ते मात्र कातडीच्या सारवणाला उलट सैल करतं. स्वयंपाकात वापरा.

ग्लिसरीन-गुलाबपाणी-लिंबू हे त्रिकूट घरोघरी आहे. त्यातलं लिंबू काढून टाका. भेगेत झोंबतं आणि वर ऊन लागलं तर डाग पडतात. ग्लिसरीन पाणी ओढून घेतं, ते हवेतून मिळालं नाही तर आतून घेतं. ओल्या त्वचेवर पातळ ग्लिसरीन आणि त्यावर तेलाचा किंवा जेलीचा हात, असा क्रम ठेवला तर ते कामाचं आहे.

भरपूर पाणी प्यायल्याने टाचा भरतात, असंही ऐकतो. तहान भागेल तेवढं प्या, टाचेपर्यंत ते पोचत नाही.

टाचा

तळहात-तळपायांना तैलग्रंथी नसतातच. त्यात टाचेची कातडी जाड. ती कोरडी पडून ताठ झाली, की अंगाचा भार पडल्यावर टाचेची गादी बाजूला पसरते आणि कडेचं कातडं फाटतं. मागून उघडी चप्पल हा पसरायचा रस्ता मोकळा ठेवते. घरातही गार फरशीवर अनवाणी फिरण्यापेक्षा मोजे बरे.

वज्रीने घासणं चालेल, पण पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवल्यावर, हलक्या हाताने, आठवड्यातून एक-दोनदा. कोरड्या टाचेवर रोज वज्री चालवली तर कातडी चिडून आणखी जाड होते. ब्लेडने कापणं तर नकोच.

आता माझी स्वतःची चूक. आडगावकडच्या एक मावशी उन्हाळ कांद्याच्या लागवडीच्या दिवसांत आल्या होत्या. दिवसभर वाफ्यातल्या चिखलात पाय, मग बांधावरचा कोरडा वारा. ओलं-कोरडं होऊन टाचा पार उललेल्या. मी 25 टक्के युरियाचं क्रीम काढून दिलं. भेगा उघड्या आहेत का, रक्त येतं का, हे विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी दारातूनच: "काय रे भाऊ, मिरची दिली का मला?"

युरिया जाड कातडी मऊ करतो, पण उघड्या भेगेत आग होते. तेव्हापासून मी आधी पाय बघतो. भेग लालभडक असेल तर चार-पाच रात्री फक्त जाड थर जेलीचा आणि वर सुती मोजे. भेग मिटली की मग युरिया, 10 टक्क्यांपासून सुरू करून टाचेला 20-25 पर्यंत. मावशींना धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारायला हवं होतं. शेतात, शेणा-मातीत काम करणाऱ्याने उघड्या भेगा घेऊन फिरायचं तर पाच वर्षांत ते झालेलं हवं.

कोकमाचं तेल आमच्याकडे अजून खपतं. नावाला तेल, दिसायला मेणाचा गोळा. ते चांगलंच आहे, पण दिव्यावर वितळवून गरम थेंब थेट भेगेत सोडणारे लोक आहेत, त्यांनी तेवढं थांबवावं. आधी मनगटावर टेकवून बघा.

हो, शेकोटी. जेली किंवा तेल चोपडलेले कपडे, मोजे जाळाजवळ नेऊ नका, तेल मुरलेलं कापड भसकन पेट घेतं. आणि रोज नडग्या शेकत बसलात तर पायावर जाळीसारखे तपकिरी डाग उठतात, ते लवकर जात नाहीत.

हातांचं थोडक्यात. भांडी घासायचा साबण आणि लसूण सोलणं, दोन्हींनी बोटांची टोकं फुटतात. डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटंच फुटत असतील तर लसणावर संशय घ्या, कारण सोलताना पाकळी त्याच बोटांत धरतो. आत सुती, वर रबरी असे हातमोजे घाला. ओठ जिभेने ओले करू नका, लाळेने ते जास्त उलतात.

शेजारणीची ट्यूब

सगळ्यात जास्त राग मला या ट्यूबचा येतो. "तिला दोन दिवसांत गुण आला, तीच द्या." बहुतेक वेळा त्यात स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. दोन दिवस खाज थांबते, कारण स्टिरॉइड ती दाबतं. महिनाभर लावलं की कातडी पातळ होते, चेहऱ्यावर लाली आणि पुटकुळ्या येतात, गजकर्ण असेल तर ओळखू न येण्याइतकं पसरतं. चिठ्ठीशिवाय मी ती देत नाही. समोरचा पुढच्या दुकानात जातो, हेही मला माहीत आहे.

काही पाय बघून मी क्रीमही विकत नाही. कोरडेपणा एकाच पायाला आणि बोटांच्या बेचक्यात खाज असेल तर बुरशी असू शकते. रात्री खाज वाढते आणि घरात दोघा-तिघांना आहे, तर ती खरूज असायची शक्यता जास्त. त्यात घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावावं लागतं. तळवे जाड, लाल, खपल्या निघतात, तर सोरायसिस तपासायला हवा. अंग कोरडं, केस गळतात, थंडी सोसवत नाही, वजन वाढतंय, तर थायरॉइडची तपासणी. आणि मधुमेह असेल तर टाचेच्या भेगेला घरगुती प्रयोग नकोत. संवेदना कमी झालेल्या पायाला खडा टोचलेला कळत नाही, मग पू कुठून कळणार? अशा माणसाने रोज रात्री तळवा आरशात बघावा आणि भेग दिसली की डॉक्टरांकडे जावं.

टाचेची जाड कातडी बदलायला महिना-दीड महिना लागतो. संक्रांतीला सुरुवात केली तर टाचा मऊ व्हायला महाशिवरात्र उजाडते, तोवर थंडी शिव शिव म्हणत निघालेली असते. दिवाळीचा फराळ संपत आला की डबा आणून ठेवा, तोही मोरीच्या खिडकीत, पंचाशेजारी. कपाटात ठेवलेला डबा पुढच्या वर्षीही थोडा उरलेलाच असतो.