१७८० चा इंग्लिश गाऊन शिवायला घेण्याआधी

सगळ्यात आधी साल आणि देश ठरवा. ‘अठराव्या शतकातला युरोपियन पोशाख’ एवढ्याच भांडवलावर कापड आणायला जाऊ नका. १७४५ मध्ये घेर दोन्ही बाजूंना पसरलेला, १७८० मध्ये मागे फुगलेला, आणि १७९८ पर्यंत कंबर पार छातीखाली चढलेली. ही यादी १७७५ ते १७८५ च्या इंग्लिश गाऊनची आहे: पुढून बंद होणारा, पाठीच्या चुण्या शिवून बसवलेला, बाही कोपरापर्यंत घट्ट. यातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा: स्टेझ अंगावर चढवून कसल्याशिवाय गाऊनचं एकही माप घ्यायचं नाही.

स्टेझ म्हणजे कॉर्सेटच्या आधीची, काड्या भरलेली ताठ अंगी. तिच्याकडे येतोच.

अभ्यास करताना पिंटरेस्टवर विसंबू नका. तिथे सिनेमातले, नाटकातले आणि अस्सल कपडे एकाच ढिगात पडलेले असतात. लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि अमेरिकेतलं कलोनियल विल्यम्सबर्ग यांचे संग्रह ऑनलाइन बघता येतात. तीन तरी गाऊन निवडा आणि फोटो मोठे करून पाठ, खांदा आणि कंबरेची शिवण बघा. पुढची बाजू सगळेच बघतात, पण कटाचं गणित पाठीत असतं. एक सावधगिरी: जुने गाऊन पुढच्या पिढ्यांनी उसवून पुन्हा शिवलेत, व्हिक्टोरियन काळात तर फॅन्सी ड्रेससाठीही. मशीनची टीप दिसली की तो भाग नंतरचा, त्यावरून कट काढू नका. छातीवर डार्ट, म्हणजे फिटिंगसाठी घेतलेला टक, दिसला तरी तोच संशय घ्या.

कापडासाठी दोन जागा सोन्यासारख्या आहेत. बार्बरा जॉन्सन नावाच्या इंग्लिश बाईने १७४६ ते १८२३ या काळात आपल्या कपड्यांचे तुकडे एका वहीत डकवून शेजारी किती यार्ड आणि काय भाव ते लिहून ठेवलं. ती वही व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहे. दुसरी लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलची दप्तरं. तिथे सोडलेल्या बाळांच्या नोंदीला ओळख म्हणून कापडाचा तुकडा टाचलेला असे, त्यामुळे गरीब घरातल्या छापील आणि चौकटीच्या कापडांचे हजारो नमुने टिकले. ते आधी बघा म्हणजे सगळ्यांनाच रेशीम नेसवायचा मोह आवरेल.

रेशीम घेणार असाल तर गुळगुळीत तफेटा घ्या. दुकानदार ‘रॉ सिल्क’ किंवा ड्युपियन पुढे करेल, नको म्हणा. धाग्यातल्या गाठी त्या काळी दोष मानल्या जात. त्यांचं रेशीम जेमतेम ५० ते ५५ सेंटिमीटर पन्ह्याचं असे, म्हणून घेरात इतके जोड दिसतात. आपल्याकडचं ११० सेंटिमीटरचं कापड उभं मधोमध फाडून घेतलं की जोड आपोआप योग्य जागी येतात. ११० च्या पन्ह्याचं गाऊनला ६ ते ७ मीटर धरा, त्याच कापडाचा पेटीकोट (गाऊनखालचा घागरा) हवा असेल तर वर ३ मीटर. सुती छापील घ्यायचं तर आपल्याला घरचा फायदा आहे, कारण युरोपला ज्याचं वेड लागलं ते चिंट्झ कोरोमंडल किनाऱ्यावरून जात होतं. त्या वेडापायी तिथल्या विणकरांचं पोट अडचणीत आलं आणि फ्रान्सने १६८६ ते १७५९, इंग्लंडने १७२१ ते १७७४ बंदी घातली. म्हणजे १७८० च्या इंग्लिश बाईला छापील सुती गाऊन उघडपणे घालता येत होता. पांढऱ्या जमिनीवर वेलबुट्टी, मंजिष्ठेचा लाल, नीळ, असं ठशाचं कापड शोधा. सोनेरी छपाई नको, हत्ती-मोर नकोत. झगझगीत जांभळा आणि गुलाबी तर मुळीच नको. कृत्रिम रंग १८५६ नंतरचे.

लिनन आणि सुती कापड आधी गरम पाण्यातून काढा. आटायचं तेवढं आटू दे.

शिफ्ट, म्हणजे स्टेझच्या आत अंगालगत घालायचा सैल झगा, सोपी आहे. लिननचे आयत, बाजूला कळ्या, काखेत साधारण १२ सेंटिमीटरचा चौकोन. तो चौकोन गाळलात तर हात वर केल्याबरोबर शिवण फाटेल. बाही कोपरापर्यंत.

आता स्टेझ. इथे घाई केली की पुढचं सगळं वाया. आधी मांजरपाटाचा नमुना शिवा आणि त्यातही काड्या घालून बघा, नुसत्या कापडावरून काही कळत नाही. खऱ्या स्टेझला दोन थर जाड लिनन, ५ मिलिमीटरच्या काडीला ६ ते ७ मिलिमीटरचा खण. मूळ काड्या व्हेलच्या तोंडातल्या बलीनच्या. आज कृत्रिम व्हेलबोन मिळतं, वेताच्या बारीक पट्ट्या चालतात, जाड केबल टायही चालतात. टोकं मात्र गोल कापून कानशीने घासा, नाहीतर आठवडाभरात कापडातून बाहेर येतील. खालच्या पाकळ्यांचे छेद थेट कंबरेच्या रेषेपर्यंत गेले पाहिजेत. बोटभर खाली थांबले तर काडी कमरेत रुतते, आणि दोष स्टेझला दिला जातो. लेसची, म्हणजे स्टेझ कसायच्या दोरीची, भोकं टोच्याने पाडा, कात्रीने नाही: धागे बाजूला सरले पाहिजेत, तुटता कामा नयेत. मेण लावलेल्या लिनन दोऱ्याने ती विणून घ्या. पत्र्याचे आयलेट एकोणिसाव्या शतकातले. दोन्ही बाजूंची भोकं एकमेकांसमोर येऊ देऊ नका. लेस एकच आणि नागमोडी जाते, म्हणून एका बाजूची अर्ध्या अंतराने सरकवलेली असतात.

लेस कसल्यावर पाठीत साधारण ५ सेंटिमीटरची फट उरली पाहिजे. कडा एकमेकींना भिडल्या तर स्टेझ मोठी झाली, कापून पुन्हा शिवा.

झाली? लगेच माप घेऊ नका. रोज तास-दोन तास घरात घालून वावरा, आठवडाभर. लिनन ताणतं, काड्या अंगाला बसतात, कंबर आणखी थोडी आत जाते. मग पुन्हा कसा आणि तेव्हा माप घ्या. ब्रावर घेतलेलं माप इथे कुचकामी आहे, टेलरकडच्या जुन्या कागदावरचं तर त्याहून. कारण फरक नुसता घेराचा नसतो. छाती वर उचलली जाते, पुढचा भाग सपाट शंकूसारखा होतो, खांदे मागे खेचल्याने पाठ अरुंद होते. छाती-कंबरेचे आकडे योगायोगाने जुळले तरी पाठीची रुंदी आणि काखेपासून कंबरेची लांबी जुळणार नाही. गाऊनच्या पाठीवर आडव्या सुरकुत्या पडतात त्या याच कारणाने, आणि शिवून झाल्यावर त्यांना उपाय नाही. म्हणून पुन्हा: स्टेझ घालून माप.

तीच गोष्ट मागच्या गादीची. कमरेला बांधायची ती फुगीर गादी लोकर किंवा बुचाचा चुरा भरून आधी तयार करा, बांधा, वर एक साधा पेटीकोट चढवा, आणि मगच बाहेरच्या पेटीकोटची लांबी ठरवा. खालची कड सरळ ठेवून वरची कड कापायची, मागे उंच, पुढे खोल. खालून कापलं तर छापाची रेघ वाकडी जाते. दोन्ही बाजूंना वीतभर चीर ठेवा, आतल्या खिशात हात जायला. खिसे वेगळे शिवून कमरेला बांधायचे असतात; ते पेटीकोटाच्या खाली.

गाऊनला मदतनीस हवा, एकट्याने होत नाही. आधी लिननचं अस्तर अंगावर टाचण्यांनी बसवा. स्टेझ घालूनच, हे सांगायला लागू नये. अस्तर जसं बसेल तसाच गाऊन बसेल, म्हणून एक संध्याकाळ त्यालाच द्या. पाठीचा मधला पट्टा खांद्यापासून घेरापर्यंत अखंड उतरतो. त्याला कंबरेत कात्री लावू नका. त्याच्या दोन्ही बाजूंना जिथे घेराच्या चुण्या सुरू होतात तिथे छेद द्यायचा, तोही आधी ५ मिलिमीटर कमी. वाढवता येतो, बुजवता येत नाही. चुण्या बारीक, सेंटिमीटरभराच्या, तोंड मागच्या बाजूला. हातशिवण करा, दिसणारा टाका मशीनचा असला की लांबूनही कळतो. रेशमाला रेशमी दोरा, लिननला लिनन.

बाहीचं भोक लहान आणि काखेत उंच ठेवा. मोठं केलं की हात उचलताना सगळा गाऊन वर येतो. खालचा अर्धा भाग हातटीपेने शिवा, वरचा अंगावर बसवून अस्तराला टाचा, वरून खांद्याची पट्टी झाका. हात किंचित पुढे आणि कोपरात वाकवून.

मग उरलं किरकोळ. साधारण ९० सेंटिमीटर चौरस मलमल, तिरकी दुमडून गळ्यावर. टोपी. गुडघ्यावर बांधायचे मोजे, बक्कलचे बूट. पुढची बाजू टाचण्यांनी बंद होते: पितळी घ्या, गंजणाऱ्या नकोत, आणि स्टेझच्या वरच्या कापडात टोचा, काडीत नाही. धुवायची ती फक्त शिफ्ट, म्हणून दोन शिवा. मध्ये वजन बदललं तर स्टेझ पुन्हा कसा, फट तपासा, माप पुन्हा घ्या.