आधी कुलूप, मग पुसणं: उबुंटूवर पेन ड्राइव्ह सुरक्षित कसा ठेवावा

आईच्या पासबुकाचे स्कॅन मी पेन ड्राइव्हवरून डिलीट केले होते, कचरापेटीही रिकामी केली होती. नंतर सहज फोटोरेक हा डिलीट झालेल्या फाइली परत मिळवणारा प्रोग्रॅम चालवून पाहिलं, तर ते परत आले. फाइलींची नावं गेली होती, पण खाते क्रमांक स्वच्छ वाचता येत होता. डिलीट केल्यावर फक्त नोंद जाते. वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथेच असतो.

उबुंटूसारख्या लिनक्सवरची 'श्रेड' ही कमांड फाइलवर 3 वेळा नवा डेटा लिहिते. मात्र पेन ड्राइव्ह आणि एसएसडी तो नवा डेटा बऱ्याचदा भलत्याच जागी लिहितात आणि जुना तसाच राहतो. म्हणून पहिली फाइल ठेवण्याआधीच कुलूप लावा, म्हणजे ड्राइव्हवर जाईल तो डेटा पासवर्डशिवाय वाचता न येणारा (एन्क्रिप्टेड) असेल.

पेन ड्राइव्हवर काही असेल तर ते दुसरीकडे कॉपी करा. 'डिस्क्स' हे ॲप उघडा आणि डावीकडे पेन ड्राइव्ह निवडा. नाव आणि जीबी दोन्ही जुळवून बघा. इथे चुकलात तर दुसरीच डिस्क पुसली जाईल. गिअरच्या चिन्हातून 'फॉरमॅट पार्टिशन' घ्या. ड्राइव्ह वापरलेला असेल तर 'इरेज' चालू करा. वेळ लागतो, पण जुना डेटा बराचसा जातो. पुढे 'एक्स्ट4' (लिनक्सची फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) निवडून 'लक्स' (लिनक्सचं डिस्कसाठीचं कुलूप) पासवर्डच्या चौकटीत टिक करा. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द हा चांगला पासवर्ड. तो विसरलात तर डेटा गेलाच, म्हणून कागदावर लिहून कपाटात ठेवा.

आता ड्राइव्ह लावला की पासवर्ड विचारला जाईल. विंडोजवर मात्र तो आपोआप उघडत नाही, त्यामुळे झेरॉक्सच्या दुकानासाठी वेगळा साधा ड्राइव्ह ठेवा.

ड्राइव्ह कुणाला देऊन टाकायचा झाला, तर टर्मिनलमध्ये आधी 'एलएसबीएलके' (lsblk) या डिस्कची यादी दाखवणाऱ्या कमांडने पार्टिशनचं नाव खात्रीने बघा. मग त्या पार्टिशनवर 'क्रिप्टसेटअप'ची 'लक्स-इरेज' (cryptsetup luksErase) ही कमांड चालवा. ती डेटाला हात लावत नाही, तो उघडणाऱ्या किल्ल्या ठेवायच्या जागा तेवढ्या पुसते. काही सेकंदांचं काम, आणि नंतर योग्य पासवर्ड टाकूनही ड्राइव्ह उघडत नाही. हेडरचा, म्हणजे या किल्ल्या असलेल्या भागाचा, बॅकअप घेतला असेल तर तोही नष्ट करा. त्यातून किल्ल्या परत येतात.

लॅपटॉपच्या डिस्कसाठी हेच कुलूप उबुंटू इन्स्टॉल करतानाच निवडा. नंतर लावायचं तर सहसा सगळं पुन्हा इन्स्टॉल करावं लागतं.