छोट्या स्पीकरसाठी जुना अ‍ॅम्प्लिफायर निवडताना

अ‍ॅम्प्लिफायर शोधायला बाहेर पडण्याआधी घरातला स्पीकर वळवा आणि त्याच्या पाठीवरची पट्टी वाचा. दोन आकडे हवेत: ओहम (स्पीकर विजेला किती अडवतो) आणि डेसिबल (दिलेल्या ताकदीत तो किती मोठा वाजतो). पट्टीवर नसतील तर खोक्यावर किंवा माहितीपत्रकात सापडतात. कमी बजेटचे बुकशेल्फ स्पीकर बहुतेक 6 किंवा 8 ओहमचे असतात आणि त्यांची सेन्सिटिव्हिटी साधारण 84 ते 88 डेसिबल असते. हे दोन आकडे वहीत लिहून खिशात ठेवा. दुकानदार ब्रँडबद्दल बोलायला लागला की तेच उपयोगी पडतात.

आता वॅटचा हिशेब, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. समजा तुमचा स्पीकर 86 डेसिबलचा आहे. म्हणजे 1 वॅट दिला की 1 मीटरवर 86 डेसिबल आवाज. आपल्याकडच्या दहा बाय बाराच्या खोलीत तुम्ही दोनेक मीटरवर बसता. अंतरामुळे आवाज थोडा घटतो, दुसऱ्या स्पीकरमुळे आणि भिंतींमुळे थोडा भरून निघतो. 1 वॅटला 83च्या आसपास धरा. साध्या गप्पा 60 डेसिबलच्या घरात असतात, म्हणजे एका वॅटमध्येच खोली भरते. तबल्याची थाप, ढोलकीचा तोडा अशा क्षणी जास्त ताकद लागते, पण तिथे नियम असा आहे की दर 3 डेसिबलला वॅट दुप्पट होतात. म्हणून 40 वॅटच्या आणि 80 वॅटच्या अ‍ॅम्पमध्ये फरक फक्त 3 डेसिबलचा. कानाला तो जेमतेम जाणवतो, खिशाला मात्र चांगलाच. छोट्या स्पीकरसाठी प्रत्येक चॅनलला, म्हणजे डाव्या-उजव्या दर बाजूला, 30 ते 50 खरे वॅट पुष्कळ झाले. नॅड कंपनीचा 3020 हा 1978 सालचा अ‍ॅम्प कागदावर फक्त 20 वॅटचा होता, तरी अवघड स्पीकर सांभाळण्यात त्याचं नाव झालं.

खरे वॅट म्हणजे आरएमएस, सतत देता येणारी ताकद. ‘पीएमपीओ’ लिहिलेला आकडा जाहिरातीसाठी फुगवलेला असतो, तो विचारातच घेऊ नका. अ‍ॅम्पच्या मागच्या पट्टीवर ‘4 ते 16 ओहम’ असं काही छापलेलं असतं, तुमचा स्पीकर त्या मर्यादेत बसला पाहिजे. ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन जोड्या लावायची सोय असली तर दोन्ही एकदम चालवताना जपा, कारण 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की अ‍ॅम्पला ते 4 ओहमसारखे दिसतात.

पुण्यात शोधायचं तर मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे मांडववाल्यांचे अ‍ॅम्पही दिसतील. ते कर्ण्यांसाठी बनवलेले असतात आणि बहुतेक मोनो, म्हणजे एकाच चॅनलचे, त्यामुळे घरच्या जोडीला कामाचे नाहीत. बाजारात चालवून बघायची सोय क्वचितच मिळते, म्हणून पहिल्यांदाच घेणाऱ्याने मी म्हणेन घरगुती विक्रेत्याकडूनच घ्यावा. मोबाईलवर जाहिरात दिसली की फोनवर एवढंच विचारा: “किती दिवस बंद होता? कुणी उघडला होता का? मी माझा स्पीकर आणि फोन घेऊन येतो, अर्धा तास चालवून दाखवाल का?” तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर जाऊ नका.

परदेशातून सामान आणलेल्या घरांमधून चांगले अ‍ॅम्प विकायला येतात. तिथे मागचा व्होल्टेज आधी वाचा. आपल्याकडे 230 व्होल्ट, अमेरिकेतल्या अ‍ॅम्पवर 120, जपानमधल्यावर 100. काहींना मागे व्होल्टेज बदलायचा खटका असतो. नसेल तर व्होल्टेज कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावाच लागतो आणि त्याचे पैसे किमतीत धरावे लागतात. थेट आपल्या प्लगात घातला तर नशीब असेल तर फ्यूज जातो, नसेल तर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो.

समोर बसल्यावर काय बघायचं

प्लग काढलेला असताना वरच्या जाळीतून मोबाईलचा टॉर्च मारा. पालीची विष्ठा, झुरळांची अंडी, पावसाळ्यातला गंज हे सगळं दिसतं. बोर्डवर पाल मेली असेल तर शॉर्ट झालेला असू शकतो. मोठ्या गोल कपॅसिटरची (वीज साठवणाऱ्या डब्यांची) डोकी सपाट हवीत, फुगलेली नकोत. फ्यूज बाहेरून दिसत असेल तर काढून बघा. त्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली सापडली तर नमस्कार करून उठा.

मग स्पीकर न जोडता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून चालू करा. बहुतेक चांगल्या अ‍ॅम्पमध्ये तीन-पाच सेकंदांनी आतून ‘टक्’ असा आवाज येतो. तो संरक्षणाचा रिले, म्हणजे सगळं ठीक असेल तरच स्पीकर जोडणारा आतला खटका. ज्यात रिले आहे त्यात हा आवाज आलाच नाही, तर अ‍ॅम्पला स्वतःमध्येच काहीतरी दोष जाणवतो आहे. स्पीकर लावू नका.

यानंतरची तपासणी कोणी करत नाही आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. मल्टीमीटर सोबत न्या. तपकीर गल्लीत काही शे रुपयांत मिळतो. डीसी व्होल्टवर ठेवून एका चॅनलच्या, स्पीकर लावायच्या लाल-काळ्या टर्मिनलला टोकं लावा. आधी 20 व्होल्टचा टप्पा, आकडा शून्याजवळ असेल तर 200 मिलिव्होल्टचा. पाच मिनिटं गरम झाल्यावर 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. 100च्या वर गेला तर दुरुस्ती आली, आणि व्होल्टमध्ये आकडा दिसला तर तो अ‍ॅम्प तुमच्या स्पीकरची कॉइल जाळेल. दुसऱ्या चॅनललाही तेच करा.

मगच स्पीकर जोडा. शक्यतो पहिल्यांदा एखादा जुना, गेला तरी चालेल असा.

तानपुरा लावा. सलग सुरामागे कुठलीही खरखर किंवा गुणगुण लगेच उघडी पडते. व्हॉल्यूम फिरवताना होणारी खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुधा जाते, तिला घाबरू नका. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही येणारी जाड ‘हम्म्’ मात्र पॉवर सप्लायच्या थकलेल्या कपॅसिटरची असू शकते आणि ते बदलण्याचा खर्च आहे. नंतर एखादं जुनं मोनो ध्वनिमुद्रण लावा, जुनं नाट्यगीत असेल तर छानच. मोनोमध्ये गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये उभा राहिला पाहिजे. डावीकडे-उजवीकडे सरकला तर एक चॅनल दबलेला आहे.

असाच दबलेला चॅनल वेळीच न ओळखल्याने मी एकदा फसलो. कोथरूडमधल्या एका घरातून अ‍ॅम्प आणला. रात्री हळू आवाजात ऐकताना डावा स्पीकर गप्प व्हायचा, व्हॉल्यूम वाढवला की परत यायचा. विकणाऱ्यांना फोन केला तर म्हणाले, “स्पीकरच खराब असेल.” मी अ‍ॅम्पमागच्या स्पीकरच्या डाव्या-उजव्या तारा अदलाबदल केल्या, तेव्हा गप्प होणारा स्पीकर बदलला. म्हणजे दोष अ‍ॅम्पचा. पासोड्या विठोबाजवळच्या दुरुस्ती करणाऱ्या एका काकांनी रिलेचं प्लास्टिकचं टोपण उघडून दाखवलं: बारीक चांदीच्या टिकलीवर काजळीसारखा काळा थर. “हळू आवाजात करंट कमी, तो थर भेदत नाही,” काका म्हणाले. नवा रिले बसला आणि काम झालं. पण घेताना अगदी हळू आवाजात पाच मिनिटं ऐकलं असतं तर किंमत तिथेच कमी झाली असती.

शेवटी अर्धा तास वाजू द्या आणि आतल्या धातूच्या पंखांवर (हीटसिंकवर) दोन्ही चॅनलचे ट्रान्झिस्टर बसवलेले असतात, त्यांच्या वरच्या जाळीवर हात ठेवा. दोन्ही चॅनलची ऊब साधारण सारखी हवी.

बजेट बारा हजारांचं असेल तर नऊ-दहा हजारांचाच अ‍ॅम्प बघा, बाकीचे दुरुस्तीला राहू द्या. सुट्या ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प आपल्याकडे दुरुस्त होतो. ‘एसटीके’ मालिकेच्या आयसीवर, म्हणजे सगळे भाग एकत्र भरलेल्या चिपवर, चालणाऱ्याचं अवघड आहे, त्या आयसी बनायच्या थांबल्या आणि बाजारात नकली फार. घेण्याआधी मॉडेलचं नाव तंत्रज्ञाला कळवून विचारा. जुने एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचे अनेक चॅनलचे अ‍ॅम्प) स्वस्तात मिळतात, पण आत बोर्डांची एवढी दाटी असते की दुरुस्तीला कोणी हात लावत नाही. दोन स्पीकरसाठी मी तरी घेणार नाही.

फोनची तार ‘ऑक्स’ किंवा ‘सीडी’ला लावा. ‘फोनो’ हे रेकॉर्ड प्लेयरसाठी असतं, तिथे फोन लावला तर आवाज फाटतो. टीव्हीला फक्त ऑप्टिकल आउटपुट असेल तर मध्ये एक छोटा डॅक, म्हणजे डिजिटल सिग्नल साध्या सिग्नलमध्ये बदलणारा डबा, लागेल.

घरी नेताना दुचाकीच्या फूटबोर्डवर नको, रिक्षाच्या सीटवर ठेवा, बटणांची बाजू वर. कपाटात कोंबू नका, वर चार बोटं तरी हवा राहू द्या. आणि स्पीकरच्या तारा सोलल्यावर टोकं घट्ट पिळून घ्या. तांब्याचा एक केस जरी शेजारच्या टर्मिनलला टेकला, तरी आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतात.