युरोपला माल जातो ना? मग डिजिटल पासपोर्टची तयारी डिलिव्हरी चलनापासून सुरू करा

इचलकरंजी-सोलापूरकडच्या आपल्या कापडवाल्या लोकांसाठी लिहितोय, कारण परवापासून तीन जणांनी विचारलं की डिजिटल पासपोर्टचा, म्हणजे मालाची सगळी माहिती स्कॅन करून दाखवणाऱ्या नोंदीचा, तो क्यूआर कोड कुठून काढायचा. क्यूआर हे सगळ्यात शेवटचं काम आहे, आधी कायदा काय तो बघू.

हा पासपोर्ट ज्यातून येतो तो युरोपियन युनियनचा ईएसपीआर (पर्यावरणाला सोयीच्या उत्पादनांचा) कायदा, नंबर 2024/1781, 18 जुलै 2024 पासून लागू झालाय. पण ही नुसती चौकट आहे. कपड्यांसाठीचा वेगळा नियम 2027 मध्ये अपेक्षित आहे असं युरोपियन कमिशनच्या एप्रिल 2025 च्या आराखड्यात लिहिलंय, आणि तो आल्यावरसुद्धा साधारण किमान 18 महिने मिळतात. म्हणजे उद्या माल अडकणार असं कोणी घाबरवत असेल तर ऐकू नका. पण निवांत पण राहू नका, कारण तिकडे माल बाजारात आणणारा इंपोर्टर जबाबदार असला तरी माहिती तो आपल्याकडेच मागणार, दुसरीकडून आणणार कुठून?

खरी अडचण लॉट नंबरची, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाला दिलेल्या नंबरची आहे. सूतगिरणीतून बॅगा आल्या की त्यावर लॉट असतो, सायझिंगला (सुताला खळ लावायला) गेल्या की चलनावर फक्त "कॉटन यार्न, 40 बॅग" एवढंच, पुढे जॉबवर्कवाल्या मागावर दोन लॉटचे बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेले रूळ) शेजारी शेजारी लागतात आणि कापडाचे ताके एकाच गठ्ठ्यात येतात. माझ्या एका ऑर्डरला बायरने सुताचा सोर्स विचारला तेव्हा जुनी चलनं उपसण्यात तीन दिवस गेले आणि शेवटी दोन ताक्यांचं उत्तर मिळालंच नाही. तेव्हापासून सायझिंग, माग, प्रोसेस हाऊस, शिलाई, सगळीकडच्या चलनावर मागचा लॉट आणि पुढचा लॉट असे दोन रकाने छापून घेतलेत. फार खर्च नाही, फक्त रोज भरायला पाहिजेत, आणि ते भरतात का हे स्वतः जाऊन बघायला पाहिजे.

मग फायबरची टक्केवारी. हे लेबलवर लिहिणं 1007/2011 या नियमाने आधीपासूनच बंधनकारक आहे, पण बरेच जण अंदाजाने लिहितात. हिशोब वजनावर करा. समजा चौरस मीटरला ताणा 120 ग्रॅम शुद्ध कॉटन, बाणा 80 ग्रॅम 65/35 पीसी (65 टक्के पॉलिस्टर, 35 टक्के कॉटन), तर पॉलिस्टर झालं 52 ग्रॅम, म्हणजे 200 मध्ये 26 टक्के आणि कॉटन 74. प्रोसेसिंगमध्ये वजन बदलतं, म्हणून फायनल कापडाची लॅब टेस्ट करून तोच आकडा सगळीकडे वापरा.

प्रोसेस हाऊसकडून डाय आणि केमिकलची यादी लॉटप्रमाणे घ्या, वर्षातून एकदा दिलेलं जनरल पत्र चालवून घेऊ नका. ऑरगॅनिक किंवा रिसायकल म्हणून विकत असाल तर त्या मालाचं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट (त्या खेपेचा माल खरंच तसा आहे याचा दाखला) त्याच लॉटच्या फाइलला लावा.

हे सगळं एका एक्सेल शीटमध्ये बसतं, एका लॉटला एक ओळ. कपड्यांना नेमके कुठले रकाने लागणार आणि पासपोर्ट मॉडेलला, बॅचला की प्रत्येक नगाला, हे त्या नियमातच ठरणार, त्यामुळे आत्ताच कोणी पाच वर्षांचं सॉफ्टवेअर गळ्यात मारत असेल तर थांबा. त्यापेक्षा आपल्या बायरला एक मेल टाका, की तुम्ही कुठल्या फॉरमॅटमध्ये डेटा घेणार, आणि त्याचं उत्तर आलं की त्याप्रमाणे शीटचे रकाने लावून घ्या.