हरवलेल्या भाषेची कथा देशाला माणूस मानून कशी लिहावी

देशाला पात्र करून भाषालोपाची कथा लिहायची असेल, तर आरंभ नकाशापासून न करता घरापासून करावा. आमच्या खानदेशात ओसरीवर बसलेली आजी नातवाला अहिराणीत ‘काय करी राहिना रे?’ असे विचारते आणि नातू शाळेतल्या मराठीत ‘काही नाही, आजी’ म्हणतो. प्रश्न त्याला पूर्ण समजलेला असतो, पण त्या बोलीतले उत्तर ओठांवर येत नाही. हा क्षण नीट न्याहाळावा, कारण देशाचे पात्रही असेच अडखळायला हवे.

मग प्रत्येक देशाची जखम वेगळी ठेवावी. १९२८ मध्ये अरबी लिपी सोडून लॅटिन लिपी स्वीकारणाऱ्या तुर्कस्तानची जीभ शाबूत राहिली, डोळे मात्र परके झाले. म्हणून आजोबांच्या थडग्यावरील अक्षरांवरून तो नुसती बोटे फिरवताना दिसावा. आयर्लंडचे दुःख मला याहून खोल वाटते. १८४५ पासूनच्या दुष्काळाने आयरिश बोलणारी गावे मृत्यूने आणि स्थलांतराने ओस पाडली, आणि १९३७ च्या राज्यघटनेने आयरिशला पहिल्या राजभाषेचा मान दिला, तरी बहुतेक घरांत इंग्रजीच राहिली. हे पात्र इंग्रजी फार सुंदर बोलते, आणि तेच त्याला सलते.

प्रत्येक बदलावर मात्र पात्राला रडवू नये. ‘अर्ज’ आणि ‘जमीन’ हे फारसीतून आलेले शब्द आज मराठीला परके वाटत नाहीत.

संवाद झाले की ते घरातल्या वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवावेत आणि जिथे ते थांबवतील, ते वाक्य पुन्हा लिहावे.