कॉपीची केस झालीय? मग निदान या चुका टाळा

सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं शिकवलं. परीक्षेच्या दिवसांत तिन्हीसांजेला एखादं पोर घरी यायचं. सोबत आलेली आई ओसरीवरच उभी राहायची. पोराचं पहिलं वाक्य ठरलेलं: "सर, सही केलंय मी. आता काय होतला?"

पहिली चूक हीच. भरारी पथक येतं, बाकाखाली चिठ्ठी सापडते आणि घाबरलेलं पोर समोर येईल त्या कागदावर सही ठोकतं. चिठ्ठी जवळ असणं आणि तिच्यातून उतरवणं या दोन गोष्टी मुंबई विद्यापीठाच्या शिक्षेच्या तक्त्यात वेगवेगळ्या आहेत, आणि दुसरीची शिक्षा जड आहे. म्हणून जे घडलं तेवढंच, आपल्या अक्षरात लिहा: चिठ्ठी कुठे सापडली, किती वाजता, तोवर किती प्रश्न सोडवून झाले होते. जबाब दुसऱ्या कुणी लिहिला असेल तर वाचल्याशिवाय सही नको. पटत नसेल तर खाली तसं नोंदवा आणि मगच सही करा. खोटं मात्र लिहू नका. "चिठ्ठी होती, पण वापरली नाही" एवढ्यावर सुटका होईल असंही धरून चालू नका. विषयाचा कागद जवळ बाळगणं हाही गैरप्रकार ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे.

दुसरी चूक माझ्या जिवाला सगळ्यात लागते: सुनावणीला न जाणं. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे अशी प्रकरणं जास्तीत जास्त पाच जणांच्या समितीपुढे जातात. बोलावणं येतं मुंबईचं. सावंतवाडीहून रात्रभर तुतारी एक्स्प्रेसने दादर, तिथून विद्यापीठाचं कालिना संकुल. त्यात घरात भातकापणी. "जाऊन तरी काय होणार?" म्हणून मुलं घरीच राहतात आणि त्यांच्या माघारी निर्णय होतो. माझा एक विद्यार्थी वडिलांच्या आजारपणामुळे गेला नाही. कळवलंही नाही. त्याची बाजू कुणी ऐकलीच नाही. परीक्षा रद्द करण्याआधी विद्यार्थ्याला म्हणणं मांडू दिलंच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने घनश्याम दास गुप्ता खटल्यात १९६२ मध्येच सांगून ठेवलंय. तो हक्क असा वाया घालवू नका. तारीख जमत नसेल तर आधी लेखी अर्ज द्या आणि पोच जपून ठेवा.

समितीपुढे वकील हक्काने मिळेलच असं नाही. शिवाय फौजदारी खटल्यासारखा पक्का पुरावा तिथे लागत नाही, शक्यतेचं पारडं कुठे झुकतंय ते पाहतात. राज्य शिक्षण मंडळाच्या एका प्रकरणात १९९१ मध्ये हे स्पष्ट झालं. म्हणून "माझ्याविरुद्ध काही सिद्धच होत नाही" या भरवशावर हात हलवत जाऊ नका.

कागद न मागणं ही तिसरी चूक. आरोपाचं पत्र, पर्यवेक्षकाचा अहवाल आणि जप्त चिठ्ठीची प्रत लेखी मागा. आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहता येते, हे २०११ पासून ठरलेलं आहे. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते.

निकाल महिनोन्महिने अडकला तर नुसते हेलपाटे घालू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे अर्ज करा. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येतं. हे दिवस चुकवू नका. आणि "केस मिटवून देतो" म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका.

आईवडिलांसाठीही एक. विद्यापीठाच्या पत्राचं उत्तर सकाळी लिहिता येईल. त्या रात्री पोराला जेवू घाला, त्याच्याजवळ बसा, आणि वाडीत लोक काय म्हणतील हा विषय काढू नका.