डोकं मोजायला शिकताना: न्यूरोफिजिओलॉजीच्या बीएस्सीत येऊ पाहणाऱ्यांसाठी

परवा देवणीकडच्या एक आज्जी नातवाला ईईजीसाठी, म्हणजे मेंदूच्या विद्युत नोंदीसाठी, घेऊन आल्या. लेकरू नऊ वर्षांचं. दवाखान्यात न्यायचं म्हणून त्यांनी सकाळीच त्याच्या डोक्यात वाटीभर तेल जिरवून चापून भांग पाडला होता. तेलावर इलेक्ट्रोड, म्हणजे संकेत टिपणारी तारेची चकती, धरत नाही. मी त्याला बेसिनपाशी नेलं, शाम्पूनं दोनदा डोकं धुतलं, टॉवेलनं कोरडं केलं. आज्जी शेजारी उभ्याच होत्या. "ताई, लेकराला करंट तर देणार नाहीत ना?" मी म्हटलं, "नाही आज्जी. आपण काहीच देत नाही. त्याच्या मेंदूत जे चाललंय ते फक्त टिपून घेतो."

हे काम शिकायला मी बेंगळुरूला गेले. तीन वर्षं वर्ग आणि एक वर्ष इंटर्नशिप. आता लातूरच्या क्लासमधून, उदगीर-अहमदपूरकडून बारावी झालेल्या मुलामुलींचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक एकच असतो: नीटमध्ये एमबीबीएसला नंबर लागत नाही, तर हे घेऊ का?

मी पण त्याच दारातून आले. लातूरला दोन वर्षं क्लास, वर एक वर्ष रिपीट. बीएस्सीचं पहिलं सत्र मी ‘पुढच्या मे महिन्यात परत नीट देऊ’ याच विचारात घालवलं, आणि त्या सहा महिन्यांत जे निसटलं ते भरून काढायला मला दीड वर्ष लागलं. म्हणून आधीच सांगते. उरलंसुरलं म्हणून हा कोर्स घेणार असाल तर नका घेऊ. तुमची ती एक जागा एखाद्या मनापासून येणाऱ्याची असते. आमच्या तुकडीत आम्ही अकराच जण होतो. साठ जणांच्या वर्गात मागच्या बाकावर वर्ष निघून जातं. अकरा जणांत कुणाचा हात थरथरतो, कुणी पाठ न करता आलंय, हे सरांना पहिल्या आठवड्यात कळतं. पण त्याच कारणानं मशीनला हात लावायची पाळी रोज येते. जागा कमी असण्याचं सुख आणि धाक दोन्ही एकाच गोष्टीतून येतं.

मेंदूविज्ञान म्हटलं की बऱ्याच जणांना संशोधन आठवतं. तो रस्ता वेगळा आहे. पुण्याच्या आयसरसारख्या संस्थेत पाच वर्षांचा बीएस-एमएस करत जीवशास्त्राकडून मेंदूकडे जाता येतं. त्याची प्रवेश परीक्षा वेगळी आणि तिच्यात गणितही असतं. मी सांगतेय तो कोर्स रुग्णाजवळ बसून मेंदूचे, नसांचे, स्नायूंचे विद्युत संकेत नोंदवायचा आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या केंद्रीय संस्थेत क्लिनिकल न्यूरोफिजिओलॉजी टेक्नॉलॉजीची बीएस्सी आहे, आणखी थोड्या ठिकाणी अशाच नावांचे कोर्स आहेत. प्रवेशाच्या अटी दरवर्षी त्या-त्या संस्थेच्या माहितीपत्रकातच बघा, कुणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. फोनवर विचारायचं असेल तर एवढंच विचारा: प्रयोगशाळेत मशीन किती, रुग्ण रोज किती येतात, आणि विद्यार्थ्याला स्वतः रेकॉर्डिंग करू देतात का.

कागदपत्रांचं मात्र खोलात जाऊन सांगते, कारण आपल्याकडची मुलं इथंच अडकतात. केंद्राच्या संस्थेत ओबीसी आरक्षण घ्यायचं तर राज्याचं नॉन-क्रिमीलेअर चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, आणि आपली जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याच्या यादीत आहे म्हणून केंद्राच्या यादीत असेलच असं नाही. ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्रही आर्थिक वर्षावर चालतं, जुनं नेऊन उपयोग नाही. सेतूत अर्ज टाकतानाच ‘केंद्राच्या नमुन्यात पाहिजे’ असं स्पष्ट सांगा, हातात आल्यावर तिथंच उभं राहून वाचा. माझ्या ओळखीच्या एका मुलीचं नाव यादीत लागलं होतं आणि केवळ या एका कागदापायी तिची जागा गेली. तिचे वडील पडताळणीच्या दिवशी बेंगळुरूत होते आणि नवीन कागद इकडं तहसीलमध्ये.

राहण्या-खाण्याचं फार मनावर घेऊ नका. लातूरहून उदगीर, बिदरमार्गे यशवंतपूरला थेट गाडी आहे. सीमेवरच्या मुलांना थोडंफार कन्नड येतंच, ते पहिल्या दिवसापासून कामाला येतं.

पहिल्या वर्षात शरीररचना आणि शरीरक्रिया जड जाईल असं सगळ्यांना वाटतं. ते पाठांतर नीटच्या तयारीत अर्धं झालेलं असतं. खरा घाम फिजिक्स काढतं. क्लासमध्ये आम्ही फिजिक्स म्हणजे सूत्रं आणि पर्याय एवढंच केलं होतं. इथं एम्प्लिफायर दोन बिंदूंमधला फरक कसा वाढवतो, फिल्टर काय कापतो आणि काय चुकून कापतो, इम्पीडन्स म्हणजे संकेताच्या वाटेतला अडथळा किती, हे रोज लागतं. हृदयाच्या ईसीजीचा संकेत मिलिव्होल्टमध्ये असतो, टाळूवरून मिळणारा मेंदूचा संकेत साधारण दहा ते शंभर मायक्रोव्होल्टचा. एवढ्या बारीक संकेताशेजारी भिंतीतली वीज 50 हर्ट्झनं गुणगुणत असते. हे एकदा डोक्यात बसलं की कातडी घासून साफ का करायची आणि इम्पीडन्स पाच किलोओहमच्या खाली आणायला एवढी धडपड कशाला, हे कुणी सांगावं लागत नाही. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरनं 1924 मध्ये माणसाच्या मेंदूची पहिली नोंद घेतली आणि पाच वर्षं थांबून 1929 मध्ये ती छापली. आपण जे टिपतोय ते खरंच मेंदूतून येतंय का, याची त्यालाही खात्री करून घ्यावी लागली होती. ती शंका आमच्या धंद्यात अजूनही रोजची आहे.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक. मी वही उभी दुमडून दोन भाग केले होते, एकीकडे इंग्रजी संज्ञा, दुसरीकडे आपला शब्द: मज्जारज्जू, अनुमस्तिष्क, चेतापेशी. तेव्हा ते परीक्षेपुरतं वाटलं. आज आकडी, फेफरं, मिरगी, फिट असे चार शब्द चार तालुक्यांतून येतात, आणि कोण कशाला काय म्हणतंय हे ऐकूनच मला अर्धी हकीकत कळते.

आता डोकं मोजण्याविषयी. दुसऱ्या वर्षी सगळ्यात जास्त वेळ यात जातो आणि जायलाच पाहिजे. हर्बर्ट जॅस्पर या मेंदूशास्त्रज्ञानं 1958 मध्ये मांडलेली टेन-ट्वेंटी पद्धत जगभर चालते. नाकाच्या मुळाशी, दोन डोळ्यांच्या मध्ये खोबण असते, तिथं टेपचं एक टोक. दुसरं टोक डोक्याच्या मागं, कवटीचा उंचवटा बोटाला लागतो तिथं. समजा अंतर 34 सेंटिमीटर आलं. त्याचे दहा टक्के म्हणजे 3.4, तिथं मेणाच्या पेन्सिलीनं पहिली खूण. पुढं वीस-वीस टक्क्यांनी 10.2, मग 17, मग 23.8, मग 30.6. 17 ची खूण ही टाळूचा मध्य, पण ती अजून पक्की नाही. या कानापासून त्या कानापर्यंत आडवं मोजायचं, त्याचा अर्धा काढायचा, आणि दोन रेघा जिथं एकमेकींना छेदतात ती खरी जागा. तिथून बाकीच्या. जागांच्या नावांत विषम आकडे डावीकडं, सम उजवीकडं, मधल्या ओळीला झेड. डोक्यावर एकोणीस, कानांना दोन, एकूण एकवीस.

कागदावर हे दहा मिनिटांत समजतं. पण केसांचा अंबाडा, रडणारं पोर, डोक्याला टाके घातलेला माणूस यांच्यावर करायचं तर शंभर डोकी हाताखालून जावी लागतात. मी मैत्रिणींची डोकी मोजली, मेसच्या मावशींचं मोजलं, सुट्टीत घरी आल्यावर आजोबांचं तर रोज मोजायचे. नजरेच्या अंदाजानं लावणारे सीनियर तुम्हाला भेटतील. त्यांचं ऐकू नका. पुढच्या खेपेला तोच रुग्ण येतो तेव्हा आधीच्या नोंदीशी तुलना करायची असते, आणि जागाच हलली असेल तर तुलना कशाशी करणार?

इंटर्नशिपमध्ये माझ्याकडून चूक झाली ती सांगते. गर्दीचा दिवस होता. कपाळाच्या दोन बाजूंच्या, एफ-सात आणि एफ-आठच्या तारा मी हेडबॉक्समध्ये, म्हणजे तारा जोडायच्या पेटीत, उलट खोचल्या. रेकॉर्डिंग दिसायला स्वच्छ होतं. मॅडम आल्या, स्क्रीन बघितली आणि रुग्णाला म्हणाल्या, "नुसते डोळे डावीकडे फिरवा." बुबुळाची पुढची बाजू मागच्या पडद्याच्या तुलनेत धन असते, त्यामुळं डोळे डावीकडे गेले की डाव्या एफ-सातला धन झोका दिसायला हवा. तो एफ-आठला दिसला. त्या एवढंच म्हणाल्या, "या रिपोर्टवरून कुणी ऑपरेशनची बाजू ठरवली असती तर?" त्या दिवसापासून प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला मी डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवायला सांगते. तुम्हीही पहिल्या दिवसापासून सांगा.

डोळे मिचकावणं, दात चावणं, घाम, हृदयाचे ठोके, हललेली तार, हे सगळं कागदावर मेंदूसारखंच दिसू शकतं. ते वेगळं काढणं म्हणजेच तुमची पदवी. यंत्र कुणीही चालू करील.

तिसऱ्या वर्षी नसांच्या तपासण्या येतात. मनगटाशी विजेचा हलका झटका, कोपराशी झटका, मधलं अंतर भागिले वेळ, म्हणजे नसेचा वेग. हातापायाची कातडी गार असेल तर वेग खोटा कमी येतो. डिसेंबरात पहाटे एसटीनं आलेल्या माणसाचे पाय आधी शेकून घ्यावे लागतात. 2025 च्या जानेवारीत पुण्यात गिया-बारे या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा पायात मुंग्या आल्या की लोक घाबरून येऊ लागले होते, आणि ही तपासणी किती नेमकी करावी लागते ते मला तेव्हा कळलं. फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे रुग्ण आपल्याकडं येतात, त्यांच्यात एकाच झटक्याला स्नायू दोनदा उत्तर देताना दिसू शकतो. पुस्तकातली ती आकृती मी पहिल्यांदा खऱ्या माणसात बघितली ती एका कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या हातावर.

नोकरीचं म्हणाल तर न्यूरोलॉजिस्टचे दवाखाने, मेडिकल कॉलेज आणि मोठ्या शहरात ऑपरेशन चालू असताना नसांवर लक्ष ठेवायचं काम. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर इथं प्रशिक्षित हात कमी आहेत, हे मी रोज बघते. 2021 च्या कायद्यानं अशा संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला, त्यामुळं प्रवेश घेण्याआधी पदवीला मान्यता कुणाची हे लेखी विचारून घ्या.

त्या लेकराचं सांगायचं राहिलं. एकवीस तारा लावल्या, वीस मिनिटं शांत गेली. मग त्याच्या हातात कागदाची भिंगरी दिली आणि तीन मिनिटं जोरजोरात फुंकायला सांगितलं. दीड मिनिटानं भिंगरी थांबली. डोळे उघडे, नजर भिंतीवर. स्क्रीनवर दोन्ही बाजूंनी एकदम, सेकंदाला तीन या चालीनं टोक आणि लाट, टोक आणि लाट. मी हळूच म्हटलं, "बैल." आठ-नऊ सेकंदांनी लाटा थांबल्या आणि तो परत फुंकू लागला, जसं काही झालंच नाही.

"आत्ता मी कोणता शब्द बोलले रे?"

"कोणता?"

आज्जी म्हणाल्या, "गुरुजी बी हेच म्हणत्यात, वर्गात याचं ध्यानच नसतं." मी त्यांना म्हटलं, रिपोर्ट डॉक्टर समजावून सांगतील, आज बसूनच जा. आणि नोंदीवर वेळ टाकून लिहिलं: फुंकणं थांबलं, शब्द आठवला नाही.